आईचें ताट आणि बाळाची वाढ

राहुरी, संगमनेर, राहाता या तालुक्यांत ज्यांच्या दारीं गाय आहे, त्यांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. गाय व्याली कीं एक-दोन तासांतच वासराला कासेशीं लावून चीक पाजतात. वासराचे पाय अजून थरथरत असतात, अंग ओलें असतें, तरी धनी त्याचें तोंड धरून आंचळाला लावतो. कारण ज्या वासराला चीक मिळाला नाहीं तें हगवणीनें जाण्याचा संभव फार, हें तो बापाच्या तोंडून ऐकत आलेला असतो. वासराचें पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस होतो, आणि तो शेजारीं वांटला जातो.

त्याच घरांत सून बाळंत झाली म्हणजे मात्र ही विद्या कोठें जात असे कोण जाणे! तिच्या पहिल्या दुधालाहि 'चीक' हेंच नांव आहे. परंतु तें पिवळट, चिकट आणि थोडें, म्हणून पुष्कळ घरांतून तें पिळून टाकण्याची चाल पडली, आणि 'खरें दूध' उतरेपर्यंत दोन-तीन दिवस बाळाला मध, गुळाचें पाणी, नाहीं तर साखरेच्या पाण्यांत बुडविलेला कापसाचा बोळा मिळूं लागला. वासराला जें हितकर तें लेंकराला बाधेल, हा न्याय प्रथम कोणीं काढला हें सांगतां येणार नाहीं; पण तो मोडावयास एकाच गांवांत अनेक वर्षें लागलीं, हें मात्र सांगतां येतें.

या चुकीची आणि तिच्या दुरुस्तीची हकीकत याच जिल्ह्यांतली आहे. अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, त्याच्या आग्नेय बाजूस जामखेड तालुका आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि वैद्यकीय मदत म्हणजे दूरची गोष्ट. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य तेथें येऊन राहिलें. दोघेंहि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत शिकलेलीं; त्यापूर्वीं याच जिल्ह्यांतील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयांत त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें होतें. तेथें त्यांना एक गोष्ट सारखी बोंचत असे. मूल बरें करून घरीं पाठवावें, आणि थोड्या दिवसांनीं त्याच हगवणीनें, त्याच रोडपणानें तें परत यावें. रुग्णालयांत रोग हटे. त्याचें कारण घरीं चुलीपाशीं तसेंच बसून राही.

जामखेडच्या परिसरांत त्या वेळीं जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकीं १७६ पहिला वाढदिवस पाहत नसत. पांच वर्षांखालच्या मुलांपैकीं शेंकडा चाळिसांच्या आसपास मुलें कुपोषित होतीं. खेड्यांत शिकलेल्या नर्सबाई पाठवून पाहिल्या. तो उपाय साधला नाहीं. परक्या गांवीं एकटें राहणें तरुण मुलींना अवघड जाई, आणि गांवच्या वडीलधाऱ्या बायका तर, जिला स्वतःचें मूल नाहीं तिच्याकडून बाळंतपणाचे धडे काय घ्यावयाचे, असें म्हणत. तेव्हां प्रत्येक गांवानें आपल्यांतीलच एक बाई निवडावी असें ठरलें. अशा निवडलेल्या बायकांपैकीं पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित समाजांतल्या होत्या, कित्येक तर नातवंडें असलेल्या होत्या. आठवड्यांतून एकदां त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र निजत, आणि ऐकलेलें दुसऱ्या आठवड्यांत आपल्या गांवीं सांगत. त्यांना 'ग्राम आरोग्य सेविका' असें नांव मिळालें. मूल तोलणें, त्याचें वजन मांडणें, गर्भारणीचे पाय सुजले आहेत कीं काय हें पाहणें, आणि बाळ जन्मतांच त्याला आईच्या अंगाशीं घेऊन चीक पाजवणें, हीं त्यांचीं कामें. या जोडप्याला १९७९ सालीं रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं व डॉ. रजनीकांत २०११ सालीं निवर्तले. परंतु त्याआधींच, वीसएक वर्षांच्या अवधींत, त्या १७६ चा आंकडा विशीच्या घरांत आला होता.

हा आंकडा केवळ औषधांनीं उतरला नाहीं. स्वच्छ पाणी, देवी-गोवराच्या लसी, सुरक्षित बाळंतपण यांचा त्यांत मोठा वांटा आहेच. तरी सर्वांत कठीण काम कोणतें झालें असेल तर तें आजीबाईंचें मत बदलण्याचें. तें काम डॉक्टरांच्या हातून व्हावयाचें नव्हतें; जी स्वतः सासू आहे, जिनें आपल्या सुनेला चीक पाजावयास लावून नातू वांचविला आहे, तिनें दुसऱ्या सासूला ओट्यावर बसून सांगितलें तेव्हां कोठें तें ऐकलें गेलें.

आणखी एक समजूत त्या भागांत होती, आणि ती केवळ खेड्यांतच होती असें नागरांतील मंडळींनीं मानूं नये. गर्भारणीनें पोटभर जेवूं नये. मूल मोठें झालें तर बाळंतपण अडेल, असें म्हणत. ही समजूत निव्वळ मूर्खपणाची म्हणतां यावयाची नाहीं. जेथें पन्नास मैलांत शस्त्रक्रिया करणारा कोणी नाहीं, तेथें अडलेलें बाळंतपण म्हणजे मरणच; तेव्हां मूल बारीक राहावें असें एखाद्या आईच्या आईला वाटलें तर तिला दोष कसा द्यावा? पण ज्या घरापासून रुग्णालय अर्ध्या तासावर आहे, तेथेंहि हा उपवास चालू राहावा याला काय म्हणावें!

उपवासाचा भुर्दंड बाळाला कसा पडतो तें थोडें पाहूं. मुलाला जन्मल्यानंतर पहिले चार ते सहा महिने जें लोह लागतें, तें बहुतांशीं त्यानें आईच्या पोटांत शेवटच्या तीन महिन्यांत सांठवून आणलेलें असतें. आईच्या दुधांतलें लोह थोडें, पण पचावयास उत्तम. आईच रक्तक्षयानें पांढरी पडलेली असली, किंवा मूल अपुऱ्या दिवसांचें असलें, तर ही शिदोरी मुळांतच कमी बांधली जाते. जन्मतांच नाळ कापण्याची घाई न करतां एक ते तीन मिनिटें थांबलें तर त्या शिदोरींत चांगली भर पडते. यास पैसा लागत नाहीं, फक्त घड्याळाकडे पाहण्याचा धीर लागतो. ज्या बालकाला पहिल्या दोन वर्षांत लोह पुरेसें मिळालें नाहीं, त्याचें लक्ष पुढें लवकर विचलित होतें, शिकणें मंदावतें. मेंदू दुसऱ्या वर्षाअखेर प्रौढाच्या मेंदूच्या सुमारें चार-पंचमांश होऊन चुकलेला असतो. शिक्षक ज्याला मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवितो, त्याच्या मठ्ठपणाचा हिशेब कित्येकदां पाटी हातांत येण्यापूर्वीं सहा वर्षें, घरच्या माजघरांत चुकलेला असतो.

पोटांतील वाढ आणि आईचें अन्न यांचा संबंध शेजारच्या पुणें जिल्ह्यांत फार काळजीपूर्वक तपासला गेला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आहार, त्यांचें काम आणि त्यांच्या बाळांचें वजन यांची नोंद ठेविली. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलोग्रॅम भरलें; इंग्लंडांतील बाळाचें साडेतीनच्या आसपास असतें. मोठी ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, आई एकंदर किती खाते एवढ्यावरच बाळाचें वजन अवलंबून नव्हतें. ज्या स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळें आणि दूध अधिक वेळां घेत, त्यांचीं बाळें वजनांत पुढें होतीं. आणि ज्या स्त्रिया शेतांत व घरांत जड कामें अधिक करीत, त्यांचीं बाळें लहान होतीं. मेथी, चाकवत, शेपू, राजगिरा या जिनसा कांहीं श्रीमंतांच्या नव्हेत. आठवड्याच्या बाजारांतून घरीं येतातहि. पण पानांत वाढतां वाढतां सुनेपर्यंत पोंचावयाच्या आधींच पातेलें रिकामें होतें.

याच अभ्यासांत दुसरी एक उणीव उघडी झाली. त्या स्त्रियांपैकीं सुमारें दोन-तृतीयांशांच्या रक्तांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी आढळलें. हें सत्त्व वनस्पतींत जवळजवळ नाहीं. तें दूध, दहीं, अंडीं, मासळी, मांस यांतून मिळतें. शाकाहारी घरांत दूध-दहीं हाच एक मार्ग उरतो, आणि घरांतलें दूध प्रथम चहाला व मग पुरुषांना व मुलांना जातें. ज्या मातांत फॉलिक अॅसिड भरपूर व बी-१२ मात्र कमी होतें, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षींच पुढील मधुमेहाचीं चिन्हें अधिक दिसलीं. बी-१२ फारच कमी असलेल्या मातेच्या अंगावर पिणारें मूल कधीं कधीं गुटगुटीत असूनहि सुस्त होतें, फिकें पडतें, हंसावयाचें थांबतें, हातापायांना कंप सुटतो. अशा वेळीं आईला व बाळाला वेळींच इंजेक्शन व औषध मिळालें तर तें झपाट्यानें सुधारतें. पण 'दृष्ट लागली' म्हणून मीठ-मोहऱ्या ओंवाळण्यांत आठवडे गेले तर झालेली हानि सर्वस्वीं भरून येईलच असें नाहीं.

आतां दूध कसें उत्पन्न होतें तें सांगितल्यावांचून पुढील गोष्ट कळणार नाहीं. बाळ चोखूं लागलें कीं त्याची वर्दी आईच्या मेंदूला जाते. तेथून दोन रस रक्तांत उतरतात. एक दूध तयार करावयास लावतो, दुसरा तयार झालेलें दूध बाहेर ढकलतो. जितकें ओढलें जाईल तितकें पुढें तयार होईल, आणि रात्रीचें पाजणें याला विशेष उपकारक. दुसरा रस मोठा मानी आहे. आई भ्यालेली, दुखऱ्या अंगाची, किंवा टोमण्यांनीं घायाळ झालेली असली तर तो अडून बसतो. "हिला दूधच नाहीं" असें बाजेपाशीं उभें राहून दिवसांतून चार वेळां म्हणणारी मंडळी आपल्या तोंडानें तें खरें करीत असतात.

पहिल्या दिवशीं चीक चमचे-दोन चमचेच येतो, आणि तेवढाच पुरतो, कारण बाळाचें पोटहि तेवढेंच असतें. त्यांत रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें दाट असतात, अ-जीवनसत्त्व असतें, आणि त्यानें बाळाची काळी शी साफ होते. पहिल्या आठवड्यांत बाळाचें वजन थोडें उतरतें. त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं, दहा-पंधरा दिवसांत तें भरून येतें, पांचव्या-सहाव्या महिन्यांत दुप्पट व वर्षांत तिप्पट होतें. दूध पुरतें कीं नाहीं हें रडण्यावरून ठरवूं नये. दिवसांतून सहा-सात लंगोट ओले होतात कीं नाहीं आणि वजन चढतें कीं नाहीं यावरून ठरवावें. सहा महिने दुसरें कांहींहि, अगदीं पाणीहि, नको. नगरच्या वैशाखांतहि नको. आईच्या दुधांत शंभरांत सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतें. बाळगुटीच्या सहाणेचा मोह आजीबाईंना आवरत नाहीं हें खरें, पण त्या सहाणेवरूनच जंतु पोटांत जातात.

निसर्गाची व्यवस्था अशी आहे कीं, आई अर्धपोटीं असली तरी तिच्या दुधांतील स्निग्धांश व प्रथिनें फारशीं घटत नाहींत. यावरून कांहीं मंडळी समाधान मानतात: मग आईला खाऊं घालण्याची एवढी उठाठेव कशाला? याचें उत्तर असें कीं, तें दूध कोठून तरी यावयाचें असतें. ताटांतून आलें नाहीं तर आईच्या हाडामांसांतून येतें. बी-१२, अ-जीवनसत्त्व, आयोडीन हीं तर आईलाच नसलीं तर दुधांतहि येत नाहींत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षां ६०० उष्मांक अधिक हवेत. नगरी भाषेंत सांगावयाचें तर ज्वारीची एक मोठी भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध, हें तिच्या नेहमींच्या जेवणावर. डिंकाचे, अळिवाचे लाडू चांगलेच. पण सव्वा महिन्यानंतर डबा रिकामा झाला कीं बाळंतिणीची बाळंतीणपणांतून मुक्तता होते आणि ती पुन्हां पंक्तीच्या शेवटीं जाऊन बसते. दूध तर तिच्या अंगांतून पुढेंहि रोज पाऊण लिटरच्या आसपास जात असतें.

सुशिक्षित घरांत चूक निराळ्या वाटेनें शिरते. तेथें डबा येतो. बाटलीच्या दुधाविरुद्ध पहिला खणखणीत शब्द १९३९ सालीं सिंगापुरांत डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनीं उच्चारला. आटविलेलें गोड दूध बालकांना योग्य म्हणून खपविलें जात होतें, आणि त्यानें मुलें मरत होतीं. बाईंनीं रोटरी क्लबापुढें आपल्या भाषणाला 'दूध आणि खून' असें नांव दिलें. पुढें १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या व्यापारासाठीं नियम घातले, आणि भारतानें १९९२ सालीं कायदा केला. २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांखालील मुलांच्या डब्याच्या अन्नाची जाहिरात करणें गुन्हा ठरलें. तरीहि एक बाटली 'वरून' दिली कीं बाळ तेवढें कमी ओढतें, दूध तेवढें कमी होतें, दुसरी बाटली लागते, आणि महिनाभरांत 'दूध आटलें' ही भविष्यवाणी खरी ठरते. ज्या मातेला कामावर जावयाचें आहे तिला २०१७ च्या दुरुस्तीनें सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कायद्यानें दिली. त्यानंतर दूध स्वच्छ हातानें काढून झांकलेल्या वाटींत चार तास, शीतपेटींत चार दिवस टिकतें. तें वाटी-चमच्यानें किंवा आजीच्या बोंडल्यानें पाजावें. ज्यांना खरोखरच पाजतां येत नाहीं, अशाहि माता असतात, आणि त्यांना कोणीं नांवें ठेवूं नयेत. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं मातेच्या दुधाची पेढी काढली. दुसऱ्या मातांनीं दिलेलें दूध तेथें तापवून, तपासून अशक्त बालकांना देतात.

पण ही सव्वीस आठवड्यांची रजा ज्यांना लाभत नाहीं त्या बायका याच जिल्ह्यांत फार आहेत. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामांत सुरूं झाला, आणि पुढें उत्तरेकडील तालुक्यांत ऊंस व कारखाने वाढत गेले. तो ऊंस तोडावयास दक्षिणेकडील कोरडवाहू पाथर्डी, शेवगांव, जामखेड येथून माणसें जातात. दिवाळीच्या सुमारास निघालेलें बिऱ्हाड उन्हाळा लागल्यावर परततें. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. अशा कोयत्यांतील बाई गर्भार असो कीं ओली बाळंतीण असो, पहांटे फडांत उतरते आणि मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते. बाळ पाचटाच्या सावलींत झोळींत, आणि झोळीची दोरी पांच-सहा वर्षांच्या बहिणीच्या हातांत. दोन पाजण्यांमध्यें पांच-पांच तास जातात. दूध कां आटतें याचें उत्तर वर येऊनच गेलें आहे. जामखेडच्या सेविकेनें जें गांवांत शिकविलें तें फडांत कसें पाळावें, हा प्रश्न त्या बाईला विचारण्यांत अर्थ नाहीं. तो कारखान्याच्या गेटापाशीं विचारावा: फडाच्या कडेला सावली, बाळांना सांभाळणारी एक बाई, आणि खाडा न धरतां दर दोन-तीन तासांनीं पाव तासाची सुटी, एवढ्यास साखरेच्या पोत्यामागें कितीसें पडेल?

राहिली उष्टावणाची गोष्ट. सहाव्या महिन्यांत बाळाला मामाच्या मांडीवर बसवून सोन्याच्या अंगठीनें खीर चाटवितात. ही रीत मोडूं नये. आजचें शास्त्रहि पहिलें अन्न सहा महिने पुरे होतांच द्या असेंच सांगतें. दोष एवढाच कीं, खीर चाटवून झाली कीं दुसऱ्या दिवसापासून वरणाच्या पाण्यावर भागविलें जातें. पाण्यानें पोट भरतें, मूल भरत नाहीं. खिमट असें दाट असावें कीं चमचा कलता केला तरी चटकन् ओघळूं नये. त्यांत डाळ मुबलक, वरून चमचाभर तूप, हळूहळू कुस्करलेली पालेभाजी, नाचणीचें सत्त्व, चालत असेल त्या घरीं अंडें. प्रथम दोन-तीन वेळां, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळां. आईचें दूध दोन वर्षेंपर्यंत, इच्छा असल्यास पुढेंहि, चालू ठेवावें. आणि तेवढे दिवस तिची वाढीव भाकरी तव्यावरून उतरतांच, इतरांचीं पानें वाढण्यापूर्वीं, वेगळी काढून ठेवावी.